ऐतिहासिक मालिका पाहून मत लिहायचं तर

मालिका आवडली की नाही, हे एका ओळीत सांगून होतं. वाचणाऱ्याला मात्र कारण हवं असतं, आणि ते त्याला स्वतः पडताळून पाहता आलं पाहिजे. ऐतिहासिक मालिकेबाबत तीन प्रश्न असतात. प्रत्यक्षात काय घडलं होतं? त्यातलं मालिकेने काय घेतलं आणि काय बदललं? जे घेतलं ते पडद्यावर उभं राहिलं का? हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की मत बिघडतं. इतिहास चुकला म्हणून उत्तम अभिनयालाही वाईट म्हटलं जातं, किंवा डोळ्यांत पाणी आलं म्हणून प्रसंगच खरा मानला जातो. म्हणून वहीत पहिल्या दिवसापासून या तीन प्रश्नांसाठी तीन वेगळी पानं ठेवा.

किती पाहायचं, कसं पाहायचं

रोज येणाऱ्या मालिकेचा अर्ध्या तासाचा भाग जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा असतो, आणि आठवड्याला असे पाच-सहा भाग येतात. पहिल्या आठवड्यावरून मत बनवू नका. त्या भागांसाठी युनिटला सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा मिळालेला असतो. पुढे रोजचा भाग रोज द्यायचा रेटा सुरू झाला की तोच वाडा, तीच मशाल आणि तेच मोजके ज्युनिअर आर्टिस्ट फिरून फिरून दिसू लागतात. पहिला आठवडा, मधला एक साधा आठवडा आणि एखाद्या मोठ्या प्रसंगाचे सलग भाग असं तीन ठिकाणचं पाहिलंत, तर मालिकेचा खरा दर्जा कळतो. साधा आठवडा टाळू नका. लढाई नसताना लेखक काय करतो, ते तिथेच दिसतं. आठ-दहा भागांची वेब मालिका मात्र पूर्ण पाहिल्याशिवाय लिहू नये.

पहिल्यांदा पाहताना वही बंद ठेवा. कुठे मन गुंतलं आणि कुठे हात मोबाइलकडे गेला, एवढंच लक्षात ठेवा. मग चार-पाच प्रसंग निवडून दोनदा पाहा. एकदा आवाज बंद करून: कपडे, दागिने, भिंती, प्रकाश आणि मागे उभी असलेली माणसं नीट दिसतात. एकदा पडद्याकडे पाठ करून: संवाद किती कृत्रिम आहेत आणि भावना नटाच्या आवाजातून येतेय की पार्श्वसंगीतातून, हे लगेच कळतं. प्रत्येक नोंदीला भाग क्रमांक आणि मिनिट लिहा. ‘बऱ्याच ठिकाणी चुका आहेत’ या वाक्याला काही किंमत नाही. ‘भाग ४७, अकराव्या मिनिटाला’ असं लिहिलं की वाचणारा स्वतः जाऊन पाहू शकतो.

तिथीवरून चंद्र तपासा

ही तपासणी फारसं कुणी करत नाही. तिला कसलंही साधन लागत नाही आणि ती अचूक असते. मराठेशाहीतल्या अनेक घटनांच्या तिथ्या ठाऊक आहेत, आणि तिथी कळली की त्या रात्री आकाश कसं होतं तेही कळतं. शुद्ध अष्टमीचा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो. वद्य अष्टमी-नवमीचा मध्यरात्रीच्या आसपास वर येतो. वद्य द्वादशीनंतर पहाटेपर्यंत अंधारच असतो.

आता हे लावून पाहा. शायिस्ताखानावरचा लाल महालातला छापा १६६३ सालच्या चैत्र शुद्ध अष्टमीचा. म्हणजे मध्यरात्र उलटल्यावर काळोख. तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला ती रात्र १६७० सालच्या माघ वद्य नवमीची. म्हणजे रात्रीचा पहिला भाग पूर्ण अंधाराचा आणि नंतर उशिरा उगवलेला अर्धा चंद्र. आग्र्याहून सुटका १७ ऑगस्ट १६६६ ची, श्रावण वद्यातली आणि ऐन पावसाळ्यातली. या प्रसंगांवर टपोरा पूर्णचंद्र लावला असेल, तर छायालेखकाला निळा प्रकाश हवा होता एवढाच त्याचा अर्थ. पन्हाळ्याहून विशाळगडाकडची रात्र मात्र आषाढ पौर्णिमेच्या सुमाराची. तिथे चंद्र बरोबरच आहे, फक्त तो ढगांआड असायला हवा आणि चिखल घोट्याच्या वर.

दिवस-रात्रीची गल्लत त्याहून मोठी. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला, गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवसांत, भर दुपारी झाला. नाटक-मालिकांना तो रात्री दाखवायला आवडतं. दुपारी दाखवला तर प्रसंग अधिक भयंकर होतो: वाड्यात वर्दळ आहे, उत्सवाची धामधूम आहे आणि तरीही कुणी वाचवू शकत नाही. मतामध्ये एवढं लिहा. चूक दाखवताना त्या चुकीमुळे मालिकेच्या हातून काय निसटलं, हेही सांगता आलं पाहिजे.

तारखांबाबत एक सावधगिरी. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, पोर्तुगीज १५८२ पासून नवं. त्यामुळे सतराव्या शतकातल्या एकाच घटनेची तारीख इंग्रजी आणि पोर्तुगीज पत्रांत दहा दिवसांनी वेगळी येते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पद्धतीची, तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. इंग्रजांचं वर्षही तेव्हा २५ मार्चला बदलायचं, म्हणून त्यांच्या कागदात फेब्रुवारी १६३० हा १६२९ मध्येच मोडतो. मालिकेत दोन ठिकाणी दोन तारखा दिसल्या म्हणून घाईने चूक काढू नका.

ताट, दिवा, शस्त्र, कापड

सतराव्या शतकातल्या स्वयंपाकघरात बटाटा आणि टोमॅटो दिसले, तर ती चूकच. ही दोन्ही आपल्या ताटात फार नंतर रुळली. लाल मिरची मात्र सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली, त्यामुळे शिवकाळात मिरची दिसली की ‘चूक!’ म्हणून ओरडणारेच चुकतात. आजचा साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो आणि त्याचा उद्योग सेलमला १९४० च्या दशकात उभा राहिला. पेशवाईतल्या एकादशीला पानात त्याची खिचडी शोभत नाही. पाहुण्यांना चहा नको. पानसुपारी, अत्तर, गुलाबपाणी हवं. काडेपेटी १८२७ च्या आधी नाही. त्याआधी दिवा एकतर दिव्याने लागतो, नाहीतर चकमकीने. काचेची चिमणी असलेला रॉकेलचा कंदील १८५० च्या दशकानंतरचा.

प्रकाशाकडे नुसती वस्तू म्हणून पाहू नका. एका समईच्या उजेडात चेहऱ्याची एकच बाजू दिसते, कोपरे काळे राहतात आणि भिंतीवर सावल्या हलतात. मालिकेत समई तेवत असते आणि दालन मात्र दुपारसारखं उजळलेलं असतं, कारण एकाच सेटवर दिवसाला अनेक दृश्यं घ्यायची तर दर वेळी प्रकाशयोजना बदलायला सवड नसते. कुठल्या मालिकेने ही सवड काढली असेल तर छायालेखकाचं नाव घेऊन कौतुक करा.

तोफेचा गोळा हा बहुतेक वेळा भरीव लोखंडाचा किंवा दगडाचा असे. तो भिंत फोडतो, माणसं चिरडतो, उसळी घेत जातो, पण जमिनीवर पडून पेट घेत नाही. फुटणारे गोळे होते, पण ते वेगळ्या, आखूड नळीच्या तोफांसाठी. पडद्यावर प्रत्येक गोळ्याला आगीचा लोळ उठतो, तो युद्धपटांच्या सवयीने. बंदूक शिवकाळात मुख्यतः तोड्याची: पेटती वात हवी, दारू कोरडी हवी, आणि एकदा झाडली की पुन्हा भरायला अर्धा-एक मिनिट. मुसळधार पावसात धडाधड बार उडत असतील, तर त्या लढाईचं सगळं गणितच खोटं पडतं. गनिमी काव्यात पाऊस आणि अंधार इतके मोलाचे का होते, हेच मग प्रेक्षकाला कळत नाही.

कपड्यांत रंग आधी पाहा. रासायनिक रंगांचा पहिला शोध १८५६ चा. झगझगीत राणी रंग, पोपटी आणि निऑन छटा त्याआधीच्या कापडात येत नाहीत. नीळ, मंजिष्ठ, हळद, कुसुंब यांनी रंगवलेल्या कापडाचा रंग खोल असतो, चमकत नाही. चोळीची गाठ पुढे आहे की पाठीला हूक दिसतात, तेही बघा. पुरुषांच्या पोशाखासाठी त्या काळची चित्रं आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांची दख्खनी शैलीतली जुनी चित्रं युरोपातल्या संग्रहांत, ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयातही आहेत. लांब जामा, कमरेला पटका, तुरा लावलेलं पागोटं असा वेश त्यांत दिसतो. मालिकेतला पोशाख या चित्रांशी जुळतो की विसाव्या शतकातल्या कॅलेंडरांशी, हे शेजारी ठेवून पाहिलं की दोन मिनिटांत कळतं.

पत्र आणि बोलणं

महाराजांनी पत्र उघडलं आणि कॅमेऱ्यात ठसठशीत छापील वळणाचं देवनागरी दिसलं, तर तिथे थांबा. त्या काळचा मराठी पत्रव्यवहार मोडीत होता. आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ ओढायची, मग तिच्याखाली बोरूने सलग लिहीत जायचं, शब्दांत अंतर नाही. शिवछत्रपतींची ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही मुद्रा पत्राच्या माथ्याला आणि ‘मर्यादेयं विराजते’ हा शिक्का मजकूर संपतो तिथे, पुढे कुणी काही वाढवू नये म्हणून. मुद्रा तळाला सहीसारखी उमटवलेली दिसली तर समजा की अस्सल पत्र कुणी पाहिलेलंच नाही.

संवादांबाबत हट्ट धरू नका. खरी शिवकालीन मराठी फारसी शब्दांनी इतकी भरलेली होती की राज्याभिषेकाच्या सुमारास मुद्दाम राजव्यवहारकोश, म्हणजे त्यांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश, करून घ्यावा लागला. ती भाषा जशीच्या तशी ठेवली तर आजच्या प्रेक्षकाला अर्धी कळणार नाही. म्हणून प्रश्न एवढाच की लेखकाने जी भाषा ठरवली ती शेवटपर्यंत टिकली का. मावळ्याच्या तोंडी एका भागात मावळी बोली आणि पुढच्या भागात व्याख्यान, किंवा ‘मला मदत करा’ ऐवजी हिंदीच्या वळणाने ‘माझी मदत करा’, हे खटकायलाच हवं. एखादा शब्द त्या काळी होता का, हे पाहायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाताशी ठेवा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आहे आणि तो इंटरनेटवर शोधता येतो. त्यात नसलेला शब्द आधी नव्हताच असं सिद्ध होत नाही, पण शंकेला जागा मिळते.

कल्पना कुठून आली, ते शोधा

प्रसंग खरा की रचलेला, हे ठरवायला साधनांची उतरंड माहीत हवी. सगळ्यात वर समकालीन पत्रं आणि हुकूम. मग जेधे शकावलीसारख्या तारीखवार नोंदी. मग घटनांना जवळची सभासद बखर, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली. त्याखाली उशिराच्या बखरी आणि पोवाडे, आणि शेवटी कादंबऱ्या व नाटकं. मालिकांचं कथानक पुष्कळदा या शेवटच्या पायरीवरून येतं आणि पाटी मात्र इतिहासाची लागते.

कोंढाण्याचंच पाहा. घोरपडीची गोष्ट सभासदात नाही. तानाजींच्या मृत्यूनंतरचं वाक्य त्याच्याकडे ‘एक गड घेतला, परंतु एक गड गेला’ असं आहे. ‘सिंह गेला’ हे रूप पुढचं. संभाजी महाराजांना व्यसनी, उतावळे ठरवणाऱ्या चित्रणाचा मोठा आधार मल्हार रामराव चिटणीसांची बखर. ती महाराजांच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, आणि ज्यांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला त्या बाळाजी आवजींच्या घराण्यातल्या माणसाने लिहिली. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० साली कागदपत्रांच्या आधारे चरित्र लिहून ही प्रतिमा बदलली. एखादी मालिका दोन्हींपैकी कुठल्या बाजूने चालली आहे, हे मतामध्ये स्पष्ट यायला हवं.

रचलेला प्रसंग म्हणजे लबाडी, असं मात्र नाही. अणुभट्टीच्या दुर्घटनेवरच्या, २०१९ च्या ‘चेर्नोबिल’ या पाच भागांच्या मालिकेतली उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञ कधी नव्हतीच. अनेक शास्त्रज्ञांचं काम एका पात्रात बांधलं आहे, आणि ते मालिकेच्या शेवटी सांगितलंही आहे. दुर्घटनेची चौकशी करणारे शास्त्रज्ञ लेगासोव्ह खटल्याच्या वेळी न्यायालयात प्रत्यक्ष हजर नव्हते, तरी शेवटचा भाग त्यांच्या साक्षीवर उभा आहे. पहिला बदल शास्त्र समजावून देतो, म्हणून पटतो. दुसरा नाट्य वाढवतो, पण सोव्हिएत व्यवस्थेत एवढं उघड बोलता येत होतं असा समज करून देतो, म्हणून त्यावर दोन वाक्यं लिहायलाच हवीत. भाभा-साराभाईंवरच्या ‘रॉकेट बॉइज’ मधला मेहदी रझा हाही काल्पनिक. खऱ्या माणसांच्या नावांत एकच काल्पनिक माणूस खलनायकाच्या जागी ठेवला की प्रेक्षक त्याच्यात कुणातरी खऱ्या व्यक्तीला शोधू लागतात. अन्याय होतो तो असा.

कल्पनेची परीक्षा एकाच प्रश्नाने घ्या: हा प्रसंग काढला तर त्या काळाविषयी किंवा त्या माणसाविषयी काही कळायचं राहून जाईल का? राहणार असेल तर कल्पना उपयोगी. ‘ध चा मा’ ही लोककथा मालिकेत आली म्हणून बिघडत नाही. पण तिच्यामुळे राघोबा निर्दोष आणि आनंदीबाई एकट्याच दोषी ठरत असतील, तर बिघडतं. रामशास्त्री प्रभुण्यांनी ठपका राघोबांवर ठेवला होता. सोयराबाईंचंही असंच होतं. राजकारण करणाऱ्या बाईला सासू-सुनेच्या मालिकेतल्या कारस्थानी बाईच्या साच्यात घालणं हा आपल्या ऐतिहासिक मालिकांचा सगळ्यात जुना दोष आहे, आणि तो चुकीच्या पागोट्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

तपासायला पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, पेशवे दफ्तराचे छापील खंड, इतिहासकार वि. का. राजवाडे यांचे साधनखंड, मराठी विश्वकोश आणि जिल्हा गॅझेटियर पुरेसे आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर कितीही ठासून लिहिलेला असो, त्याच्या आधारे एकही दोष लिहू नका.

कालचाच काळ असेल तर

१९९२ ची मुंबई दाखवणारी मालिका तपासणं अधिक कठीण, कारण तो काळ पाहिलेले लाखो लोक प्रेक्षकांत असतात. शेअर बाजारात तेव्हा रिंगणात उभं राहून ओरडून सौदे व्हायचे. पडद्यावरचे सौदे १९९४-९५ मध्ये आले. मोबाइलही १९९५ चा. स्टेशनवर व्हीटी हवं, सीएसटी हे नाव १९९६ चं. गाड्यांच्या पाट्या, पीसीओचे पिवळे डबे, दुकानांवरचे हाताने रंगवलेले बोर्ड आणि मागे चुकून दिसणारे एसी-डिश अँटेना हे सगळं आवाज बंद करून पाहताना सापडतं.

लिहायला बसल्यावर

सातशे-आठशे शब्द पुरतात. पहिल्या परिच्छेदात मालिका, वाहिनी किंवा ॲप, काळ, आणि तुम्ही कुठले भाग पाहिलेत ते. त्याच परिच्छेदात निष्कर्षही सांगून टाका. तो शेवटपर्यंत लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पुढे तुम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला एकच प्रसंग घेऊन तो सविस्तर उलगडा. त्यातच अभिनय, संवाद, नेपथ्य आणि इतिहास यांचं बोलणं येऊ द्या. ‘अभिनय: उत्तम, संगीत: ठीक’ अशी गुणपत्रिका वाचून कुणालाही मालिका डोळ्यांसमोर येत नाही.

वहीतल्या सगळ्या चुका ओतू नका. चुकीचे तीन प्रकार करा. नुसती वस्तूची चूक, जसा साबुदाणा. ती वगळा किंवा अर्ध्या वाक्यात सांगा. प्रसंगाचं तर्कशास्त्र मोडणारी चूक, जशी पावसातली बंदूक. तिला दोन-तीन वाक्यं द्या. आणि एखाद्या माणसाचं वा समाजाचं चित्र विकृत करणारी चूक. तिच्यासाठी पूर्ण परिच्छेद ठेवा, आधार कुठला ते सांगा, आणि आवाज चढवू नका.

नटावर राग काढू नका. संवाद लेखकाचे असतात, लांबण वाहिनीला हवी म्हणून येते, तीन वेळा चेहऱ्यावर झेपावणारा कॅमेरा दिग्दर्शकाचा किंवा संकलकाचा. श्रेयनामावली थांबवून वेशभूषा, कला दिग्दर्शन आणि इतिहास सल्लागारांची नावं टिपून घ्या, कारण त्यांचं काम चांगलं असलं तरी त्यांची नावं सहसा कुणी घेत नाही.

ऐतिहासिक कथेत शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. पानिपतात काय झालं हे सांगितल्याने रसभंग होत नाही. रसभंग होतो तो मालिकेने स्वतः रचलेलं वळण फोडल्याने. ते सांगणं भागच असेल तर आधी स्पष्ट इशारा द्या. आणि मत प्रसिद्ध केल्यावर कुणी अस्सल पत्राचा किंवा पानाच्या क्रमांकाचा दाखला देऊन तुमची दुरुस्ती केली, तर मूळ वाक्य गुपचूप बदलू नका; त्याच्या खाली तारीख घालून दुरुस्ती लिहा.